ओरखड्यांचा ऑक्टोबर

मोटारसायकलच्या टाकीवर बोटभर ओरखडा होता. तो घालवायला बसलो आणि अर्ध्या तासाने तळहाताएवढा पत्रा उघडा करून उठलो.

चूक नंबराची झाली. हार्डवेअरवाल्याकडे पॉलिश पेपर मागितला, तर त्याने कितवा देऊ म्हणून विचारलं. नंबर लहान म्हणजे दाणा लहान, असा मी मनाशी हिशेब केला आणि ऐंशी नंबर मागितला. असतं नेमकं उलट. नंबर जितका लहान तितका कागद खरबरीत. लोखंडी गेट घासायचंय का, असंही त्याने विचारलं होतं. मी हो म्हणालो. टाकीचं नाव काढलं असतं तर त्याने सल्ला दिला असता, आणि सल्ला देणारा माणूस काहीतरी खपवायला बघतोय असं मला तेव्हा वाटायचं. त्या दिवसांत मला सगळ्यांबद्दलच काही ना काही वाटायचं.

पाऊस मागे सरला, बोरिवलीच्या आमच्या रस्त्यावर सातवीण फुलली, संध्याकाळी तिचा तो डोकं चढवणारा वास जिन्यापर्यंत यायला लागला की मला तो ऑक्टोबर आठवतो. मैदानात गरब्याचा मंडप उभा राहतो, दुपारी चारलाच कोणीतरी ‘हॅलो, हॅलो, चेक’ करायला लागतो, आणि माझा हात आपोआप टाकीवर फिरतो. टाकी आता गुळगुळीत आहे. तरी तिसऱ्या मजल्यावरचे परबकाका संध्याकाळच्या फेऱ्या मारताना माझ्या गाडीपाशी आले की हातातली काठी उचलून बंदुकीसारखी खांद्यावर घेतात, चार पावलं तशीच चालतात आणि गाडी ओलांडली की परत टेकतात. नवीन भाडेकरूंना वाटतं, काका कधीकाळी सैन्यात असतील. काका गिरणीत होते.

गाडी मी त्या श्रावणात घेतली होती. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, टाकीचा फुगीर भाग असा की त्यात इमारतीचे तिन्ही मजले वाकून दिसायचे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतलेली गाडी माणूस चालवतो कमी आणि बघतो जास्त. अंधेरीला कामावर निघण्यापूर्वी पाच मिनिटं पुसायची, आल्यावर पाच मिनिटं पुसायची. पहिल्याच आठवड्यात परबकाका खाली आले, थांबले, टाकीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, “बरी असा हां गाडी. कासवाच्या पाठीसारखी.”

दुसऱ्या दिवशी जोगेश्वरीला गाडी पंक्चर झाली.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या दोनच महिने आधी सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या पंपाच्या खोलीवर टांगलेल्या लिंबू-मिरचीविरुद्ध भाषण केलं होतं. चांगलं दहा मिनिटं. पंप बंद पडतो तो गाळामुळे, नजरेमुळे नव्हे. आपण कोणत्या शतकात राहतो. मुलांनी आपल्याकडून काय शिकायचं. भाषण माझं मलाच इतकं आवडलं होतं की शेवटचा मुद्दा दोनदा मांडला. सेक्रेटरीने लिंबू उतरवलं. तेव्हा काका मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि त्यांनी टाळीही वाजवली होती, एकच.

तर असा मी. पंक्चर काढून घेतलं, टायरमधून निघालेला खिळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, खिशात घालून घरीही आणला. आणि शनिवारी स्टेशनबाहेर बसणाऱ्या बाईकडून लिंबू-मिरची घेतली. मी विश्वास ठेवत होतो असं नाही. पण विश्वास न ठेवणाऱ्याने एखादं लिंबू बांधलं तर बिघडतं कुठे, असा माझा युक्तिवाद होता. तिची लिंबू-मिरची दोऱ्यात ओवलेली नव्हती, तारेत होती. खाली कोळशाचा तुकडा आणि तो निसटू नये म्हणून तारेचं टोक वळवलेलं. समोर नंबरप्लेटखाली बांधली असती तर अख्ख्या सोसायटीने पाहिली असती. म्हणून मी ती हँडलच्या आतल्या बाजूला, टाकीच्या अंगाला बांधली आणि वरून गाडी पुसायचं पिवळं फडकं खोचलं. वैशालीलासुद्धा सांगितलं नाही. बायकोपासून लपवायला माणसाकडे काहीतरी असावं, ते माझ्याकडे एक लिंबू होतं. दर शनिवारी जुनं काढायचं, नवं बांधायचं.

दीड दिवसाचे गणपती गेले आणि टाकीवर पहिला ओरखडा दिसला.

केसाएवढाच होता, पण हिरव्या रंगावर पांढरा. सकाळच्या तिरप्या उन्हात तो जे काही चमकायचा! मी वाकून पाहिला, बसून पाहिला, नखाने चाचपला. आठवड्याने शेजारी दुसरा आला. मग तिसरा. सगळे पार्किंगमध्येच उमटत होते, हे मी शोधून काढलं. ऑफिसमधून निघताना टाकी तपासायचो आणि सकाळी परत तपासायचो. म्हणजे करणारा माणूस इमारतीतला. आता फक्त कोण ते ठरवायचं होतं.

संशयाला एकदा जागा दिली की तो पाय पसरतो. आधी दूधवाला झाला, मग पहिल्या मजल्यावरची क्रिकेट खेळणारी मुलं झाली, मग मांजर. मांजरासाठी मी टाकीवर टाल्कम पावडर शिंपडली. सकाळी तिच्यावर एक पंजा उमटलेला होता, पाच बोटांचा. तो मी वैशालीला खाली आणून दाखवला. तिने माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. तंतोतंत बसला. पावडर नीट पसरली का ते बघताना मीच ठेवला होता.

मग मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीआड उभा राहायला लागलो. संध्याकाळी सहा ते सात. आणि मला दिसले परबकाका. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सपाट जमिनीवर अर्धा तास चाला, नाहीतर गुडघा आखडेल. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तरी काका रोज तीन मजले उतरून यायचे आणि पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. माझ्या गाडीला लागूनच त्यांची वाट. हातात काठी. काठी पुढे, पाय मागे, काठी पुढे, पाय मागे. शिवाय टाकीची तारीफ करणारे पहिले तेच. मला सगळं कळलं. त्यांनी नजर लावली, आणि आता काठी लावत होते.

लिंबू कमी पडतंय असं वाटून त्या शनिवारी मी दोन बांधली. पुढच्या आठवड्यात ओरखडे दुप्पट झाले. नजर किती जबर आहे त्याचा याहून पक्का पुरावा काय हवा?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी संदेश टाकला. तीन वेळा लिहून, दोन वेळा खोडून. ‘काही ज्येष्ठ सभासदांच्या हातातील काठीमुळे पार्किंगमधील वाहनांचे नुकसान होत असल्याचे निदर्शनास आले आहे. कृपया काळजी घ्यावी.’ नाव घेतलं नाही याचा मला अभिमान होता. काठी घेऊन चालणारा ज्येष्ठ सभासद इमारतीत एकच होता. खाली चार जणांनी अंगठे दिले, कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून काका खाली यायचे थांबले.

मला वाटलं, सापडले. निरपराध माणूस आला असता, तावातावाने भांडला असता. तीन दिवसांनी त्यांची सून स्मिता जिन्यात भेटली. तिने एवढंच सांगितलं की बाबा आता घरातच फेऱ्या मारतात, पण घरात फेऱ्या कसल्या, सात पावलांवर भिंत येते, गुडघा परत सुजलाय. तिच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

त्याच रविवारी मी ऐंशी नंबरचा कागद घेऊन टाकीपुढे बसलो. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

कांदिवलीला गॅरेजांच्या गल्लीत भालेराव नावाचे पेंटर बसतात, असं ऑफिसातल्या एकाने सुचवलं. टाकी सोडवून आणा, गाडी नको, असा निरोप. मी पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी सोडवली आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत होता. पेट्रोलचा वास लपत नाही. सिग्नलला त्याने तोंडातली न पेटवलेली विडी काढून कानावर ठेवली आणि उरलेला रस्ता एक हात बाहेर काढून चालवला. उडी मारायची तयारी असावी. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे संशयाने बघत होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

भालेरावांचं दुकान म्हणजे पत्र्याखालची दहा बाय दहाची जागा. वरच्या दांडीला टाक्या आणि मडगार्ड मालवणी घरातल्या सुक्या बांगड्यांसारखे ओळीने टांगलेले. थिनरचा वास, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. दसरा तोंडावर आलेला, प्रत्येकाला पूजेआधी गाडी चकचकीत हवी होती. भालेराव मूळचे जालन्याकडचे, वडील नंबरप्लेटी रंगवायचे, हेही आधी तेच करायचे. पावसात मी लॅकरचा वरचा चकचकीत हात मारत नाही, म्हणाले, हवेतलं पाणी आत अडकतं आणि रंग धूर बसल्यासारखा पांढुरका दिसतो. त्यांचं सगळं काम ह्याच महिन्याभरात.

माझी टाकी त्यांनी गुडघ्यावर घेतली, घासलेल्या जागेकडे पाहिलं आणि कोणी केलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मेकॅनिकने. त्यांनी माझ्या बोटांच्या सोललेल्या पेरांकडे बघितलं आणि मान हलवली.

मग त्यांनी उरलेले ओरखडे बघितले. डोळ्यांनी कमी, नखानेच जास्त. अंगठ्याचं नख आडवं धरून एकेका रेषेवरून सावकाश नेलं. मी काठीची हकिकत सांगत होतो, नाव न घेता, पण पुरेशी रंगवून. त्यांनी ऐकून घेतलं.

“साहेब, हे कोणी मारलं नाही,” ते म्हणाले. “मारणाऱ्याची रेघ सरळ असते. जिथे सुरू होते तिथे खोल, मग उथळ. ह्या सगळ्या गोल आहेत, सारख्या खोल आहेत, आणि सगळ्या एकाच खिळ्याभोवती फिरल्यात. हँडलला काय बांधता तुम्ही?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“मग ते काही नाही फार टोकदार आहे.”

खरंतर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण मला वेगळीच काळजी लागली होती. एवढ्या टाक्या टांगलेल्या, त्यात माझी नवीन. ह्याने बदलली तर? भालेराव डबा आणायला आत गेले तेवढ्यात मी टाकी उलटी करून खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, बॉलपेनने माझी आद्याक्षरं लिहिली. वि. ग.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. पार्किंगमध्ये गाडी बिनटाकीची उभी, मधला सांगाडा उघडा, मान तेवढी शाबूत. नवीन गाडीला असं बघवत नाही. झाकायला प्लास्टिक आणलं होतं, ते टाकण्यापूर्वी हँडल लॉक करायचं म्हणून किल्ली घातली आणि हँडल पार डावीकडे वळवलं. लॉक करताना ते तसंच वळवावं लागतं. रोज. घरी आल्यावर, पार्किंगमध्येच. ऑफिसात पहारेकरी बसतो, तिथे मी कधी लॉक लावत नाही.

फडक्याआडून दोन लिंबं हलली. कोळशाखालचं तारेचं टोक, जिथे एरवी टाकी असते त्या रिकाम्या हवेतून, एक सुरेख गोल रेघ ओढत गेलं.

मी हँडल परत उजवीकडे आणलं. परत डावीकडे. ज्याला मी पहाऱ्यावर बसवलं होतं तोच रोज टाकी खरवडत होता, आणि चोरी वाढली म्हणून मी पहारेकरी दोन केले होते.

“काय करतोयस?” मागे वैशाली भाजीची पिशवी घेऊन उभी होती. टाकी नसलेल्या गाडीचं हँडल डावीउजवीकडे फिरवणारा नवरा तिने थोडा वेळ बघितला असावा. मग तिने फडकं उचललं. लिंबं बघितली. सभेतल्या भाषणाची ती आठवण काढेल म्हणून मी तयार होतो. तिने ती काढलीच नाही.

“काकांना कधी सांगतोयस?” एवढंच विचारलं.

उद्या, म्हणालो. तो उद्या नवरात्रभर पुढे सरकत राहिला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? काठी नव्हती, एवढंच सांगून भागलं नसतं. मग काय होतं, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर लिंबू, आणि लिंबामागचं उत्तर त्याहून वाईट. मी ग्रुपवरचा संदेश पुसायला गेलो, पण फार दिवस झाले होते, फोनने फक्त माझ्यापुरता पुसू दिला. मग मी त्याखाली देवीचं चित्र आणि शुभेच्छा टाकल्या. गरब्याचे ढोल सुरू व्हायचे, सातवीण दरवळायची आणि सहा ते सात मी सवयीने चादरीआड उभा राहायचो. पार्किंगमधली ती गाड्यांमधली वाट रिकामी असायची. वरच्या मजल्यावर, कान दिला तर, काठीचा आवाज यायचा. सात वेळा धप, मग थांबून, परत सात वेळा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाकी आणायला गेलो. पत्र्याखाली आणखी चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. आधी प्राइमर, मग खळग्यांत लांबीचा लेप भरून हजार नंबरच्या कागदाने पाण्यात घासणं, मग रंग, मग लॅकर, असं सगळं भालेरावांनी मला समजावलं. हजार नंबर म्हणताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. रंग डोळ्यांनीच जुळवला होता. टाकी उन्हात धरून म्हणाले, सावलीत सगळेच हिरवे एक दिसतात, खरा हिरवा उन्हात कळतो. मला फरक दिसला नाही. घरी नेऊन गाडीला बसवली तेव्हा दिसला, केसाएवढा, बाजूच्या पॅनलपेक्षा टाकी किंचित ताजी. पण दुकानात मी फक्त ती उलटी केली. खाली, माझ्या बॉलपेनच्या जागी, पिवळ्या रंगात, बारीक ब्रशने, नंबरप्लेटीच्या ठसठशीत वळणात लिहिलं होतं: वि. ग. दोन्ही टिंबांसकट.

“पेन पुसलं जातं, साहेब,” भालेराव म्हणाले. “हे राहील.”

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार स्मिताने उघडलं. दाराआड काठी उभी होती. तिच्या खाली जाड रबरी बूच होतं, मऊ, झिजलेलं. त्या बुचाने टाकी काय, साय फाटली नसती. इतके दिवस मी ती काठी वरून, चादरीआडून बघत होतो. खालचं टोक कधी बघितलंच नव्हतं.

काका खाटेवर पाय लांब करून बसले होते. मी पानं हातात दिली, पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सणाचा म्हणून ठेवतात तेवढाच. मी उभा राहिलो. बस म्हणाले नाहीत.

मग मी सांगितलं. ओरखडे माझेच होते, हँडलला बांधलेल्या तारेचे. तार कसली, त्यांनी विचारलं. लिंबू-मिरचीची.

काकांचा चेहरा पहिल्यांदा हलला. “लिंबू? तू?”

“मी.”

“पंपावरचा काढूक लावलंस, तो तू?”

“तोच.”

त्यांनी स्मिताकडे बघितलं. स्मिता तोंडाला पदर लावून आत गेली. काकांनी पाय खाली सोडले, काठीकडे हात केला. “चल, माका दाखय.”

तीन मजले उतरायला आम्हाला पाव तास लागला. मी पुढे, आडवा होऊन, एक पायरी खाली. काका मागे, एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. गुडघा वाकताना आतून आवाज येत होता. पंधरा दिवसांपूर्वी हाच माणूस एकटा उतरत होता. प्रत्येक पायरीला ते थांबायचे आणि प्रत्येक वेळी मी ‘सावकाश’ म्हणायचो. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं.

गाडी झेंडूच्या हारात उभी होती. हार सुतात ओवलेला, तो मी तीनदा तपासून घेतला होता. काकांनी काठी लांब धरली, अगदी हातभर, आणि मोकळा पंजा टाकीवरून फिरवला. पुढून मागे, मागून पुढे. ओरखडे कुठे होते, विचारलं. मी जागा दाखवली. लिंबू कुठे होतं, विचारलं. तीही दाखवली. हँडल फिरवून दाखव, म्हणाले. फिरवून दाखवलं. दसऱ्याचं सोनं वाटत फिरणारी पहिल्या मजल्यावरची मंडळी थांबून बघायला लागली होती.

“आणि नजर कोणाची लागतली, असा वाटलेला तुका?” काकांनी विचारलं.

सगळे ऐकत होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

“तुमची, काका.”

त्यांनी गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, टकलापासून चपलेपर्यंत आणि परत वर, भालेराव ओरखडा बघतात तसं, सावकाश, काही न सोडता.

“अरे, नजर लागाक आधी बघण्यासारखा कायतरी व्हया.”